डोंगरातील बूट : टिकाऊपण, अकाली बिघाड आणि ग्राहकाचे हक्क

पावसाळा सरला की गोव्यात आणि कोकणात डोंगरभटकंतीचे दिवस सुरू होतात. दूधसागर, चोर्ला, नेत्रावळीच्या वाटा पुन्हा गजबजतात. नाताळच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत हिमालयात जाण्याचे बेत आखले जातात. वर्षभर कपाटात ठेवलेले बूट त्यासाठी बाहेर निघतात. वरून पाहता ते जवळजवळ नवे असतात. कातडे शाबूत, नाड्या घट्ट, तळाची नक्षीही फारशी झिजलेली नाही. तरीही चालायला लागल्यावर तासा-दोन तासांत टाचेकडून सोल सुटू लागतो आणि उतरणीवर तो संपूर्ण निखळून पडतो.

हा अनुभव इतका सर्वसामान्य आहे की प्रत्येक गिरिभ्रमण मंडळात त्याचा एखादा तरी किस्सा सांगितला जातो. दोष बहुधा डिंकाला, दुकानदाराला किंवा नशिबाला दिला जातो. प्रत्यक्षात या बिघाडामागे एक ठरावीक रासायनिक प्रक्रिया असते. ती आधी ओळखता येते, काही प्रमाणात लांबवता येते, आणि बूट खरोखरच सदोष असेल तर भरपाईही मागता येते. ओल्या कातळावर, निसरड्या बर्फावर किंवा रस्त्यापासून दहा किलोमीटर आत पायातला बूट निकामी होणे हा केवळ पैशांच्या नुकसानीचा विषय राहत नाही. घोटा मुरगळणे, घसरून पडणे आणि संपूर्ण गटाला अंधार होईपर्यंत जंगलात अडकवून ठेवणे, इथपर्यंत त्याचे परिणाम जातात.

बुटाची रचना

डोंगरात वापरायच्या बुटाचे तीन मुख्य भाग मानता येतात. पहिला वरचा भाग. तो कातड्याचा, कृत्रिम कापडाचा किंवा दोन्हींच्या मिश्रणाचा असतो. पाणी आत येऊ नये म्हणून काही बुटांत आतून जलरोधक पापुद्रा बसवलेला असतो. दुसरा भाग जमिनीला टेकणारा रबरी सोल. दगडावर पकड मिळावी म्हणून त्यावर खोल खाचा असतात. या दोहोंच्या मध्ये असतो तिसरा आणि सर्वांत कमी दिसणारा भाग, म्हणजे मधला थर. पाठीवरचे ओझे आणि पावलांचे धक्के सोसण्याचे काम तोच करतो. बूट अकाली निकामी झाला तर त्याचे मूळ बहुतेक वेळा याच थरात सापडते.

मधला थर प्रामुख्याने दोन पदार्थांचा असतो. हलक्या बुटांत ईव्हीए नावाचा फेस वापरतात. तो वजनाला हलका आणि स्वस्त असतो. परंतु सततच्या दाबाने चपटा होतो आणि काही शे किलोमीटरनंतर त्याची उसळी कमी होते. जड ओझ्याच्या, लांब पल्ल्याच्या बुटांत पॉलियुरेथेन वापरतात. ते वजनाला थोडे जास्त, पण दाब सोसण्यात कितीतरी सरस असते. विरोधाभास असा की वापराने सावकाश झिजणारे हेच पॉलियुरेथेन न वापरता ठेवले असतानाही आतून ढासळत असते.

हे तिन्ही भाग एकत्र जोडण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. जुन्या पद्धतीत कातड्याचा वरचा भाग एका पट्टीला शिवून त्यावर सोल बसवतात. असा बूट महाग पडतो, पण त्याचा सोल अनेकदा बदलता येतो. आजचे बहुसंख्य बूट चिकटवलेले असतात, किंवा द्रवरूप पॉलियुरेथेन साच्यात ओतून थेट वरच्या भागाला जोडलेले असतात. ते हलके, स्वस्त आणि पहिल्या दिवसापासून पायाला मऊ वाटतात. मात्र त्यांचे आयुष्य डिंकाच्या आणि फेसाच्या आयुष्याएवढेच राहते.

खिळ्यांपासून रबरापर्यंत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आल्प्समधील गिर्यारोहक कातडी तळाला लोखंडी खिळे ठोकलेले बूट वापरत. हे खिळे बर्फावर पकड देत, पण पायाची उष्णता खेचून घेत. खडकावर चढताना ते निसरडेही ठरत. १९३५ मध्ये इटलीतील पुंता रासिका या शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. अपुरी पादत्राणे हे त्यामागील एक कारण मानले गेले. या मृतांचे मित्र असलेले मिलानमधील गिर्यारोहक विताले ब्रामानी यांनी त्यानंतर व्हल्कनाइझ्ड रबराचा खोल खाचांचा सोल विकसित केला आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. रणगाड्याच्या साखळपट्ट्याशी साम्य असल्यामुळे त्याला ‘कारारमातो’ हे नाव मिळाले. ब्रामानी यांच्या नावावरूनच ‘व्हिब्रम’ ही नाममुद्रा तयार झाली. १९५४ मध्ये के-टू हे शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांना हेच सोल होते.

योगायोग असा की त्याच १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनच्या रसायनशास्त्राचा पाया घातला. पुढील काही दशकांत रबराचा तळ आणि पॉलियुरेथेनचा मधला थर ही जोडी डोंगरातील बुटांची सर्वमान्य रचना झाली. पहिल्याने पकड दिली, दुसऱ्याने आराम दिला. पण त्या आरामासोबत एक छुपी मुदतही आली.

न वापरताच झिजणारा बूट

पॉलियुरेथेनचे दोन मुख्य प्रकार पादत्राणांत आढळतात : एस्टर गटावर आधारलेले आणि ईथर गटावर आधारलेले. एस्टर प्रकार घर्षण, तेल व फाटणे यांना चांगला तोंड देतो आणि इतर भागांना घट्ट चिकटतो. म्हणून बुटांत त्याचाच वापर अधिक होतो. त्याची उणीव एकच, पण मोठी आहे. हवेतील पाण्याची वाफ फेसाच्या बारीक पेशींत शिरते आणि एस्टर बंधांवर क्रिया करून त्यांचे आम्ल व अल्कोहोल असे तुकडे करते. या क्रियेला जलीय विच्छेदन म्हणतात. तीतून निर्माण होणारे आम्ल पुढच्या बंधांचे तुटणे आणखी वेगवान करते. म्हणजे एकदा सुरू झालेली ही प्रक्रिया स्वतःच स्वतःला रेटत जाते.

म्हणूनच बिघाड अचानक झाल्यासारखा वाटतो. पहिली काही वर्षे बाहेरून काहीही दिसत नाही. मग थोड्याच काळात फेस चिकट होतो, त्याला तडे जातात आणि तो शिळ्या केकसारखा भुगा होऊन गळू लागतो. रबरी सोल शाबूत असतो, डिंकही शाबूत असतो. पण ज्याला ते चिकटलेले आहेत तो थरच उरलेला नसतो. सोल ‘सुटला’ असे म्हटले जाते, तेव्हा अनेकदा तो सुटलेला नसून त्याच्यावरचा आधार नाहीसा झालेला असतो.

ही प्रक्रिया बूट विकत घेतल्याच्या दिवसापासून नव्हे, तर तो तयार झाल्याच्या दिवसापासून सुरू होते. साधारण हवामानात अशा थराचे आयुष्य पाच ते दहा वर्षे मानले जाते. उष्ण व दमट जागेत ते बरेच घटते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग अंदाजे दुप्पट होतो, हा स्थूल नियम येथेही लागू पडतो. उन्हाळ्यात मोटारीच्या डिकीत विसरलेले बूट किंवा कौलांखालच्या माळ्यावर ठेवलेले बूट त्यामुळे लवकर म्हातारे होतात. याउलट नियमित वापरातले बूट अनेकदा अधिक टिकतात. चालताना फेस दाबला जातो, मोकळा होतो आणि त्यातील ओलावा बाहेर पडतो, असे उत्पादक सांगतात. जपून ठेवलेला बूट आधी जातो आणि दामटलेला बूट टिकतो, या जुन्या तक्रारीत म्हणूनच तथ्य आहे.

ईथर प्रकारचे पॉलियुरेथेन पाण्याला बऱ्याच अंशी दाद देत नाही. मात्र ते महाग पडते आणि त्याचे काही यांत्रिक गुण उणे असतात. काही उत्पादक एस्टर प्रकारात विच्छेदनरोधक द्रव्ये मिसळतात. त्यांनी प्रक्रिया लांबते. कायमची थांबत नाही.

किनारपट्टीचा दमटपणा

गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवार या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ऐंशी टक्क्यांच्या वर असते. कपाटातील कपड्यांना वास लागतो, कातडी पट्ट्यांवर बुरा चढतो, पुस्तकांची पाने फुगतात. तीच हवा बुटाच्या फेसातही शिरते. वर्षातील इतर महिनेही किनाऱ्यावर कोरडे नसतात. बेळगाव किंवा इंदूरमध्ये सात-आठ वर्षे टिकलेला बूट पणजीत त्याआधीच भुगा झाला, तर त्यात आश्चर्य नाही. युरोपातील थंड गोदामे गृहीत धरून सांगितलेली मुदत येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही.

हा प्रश्न केवळ डोंगरप्रेमींचा नाही. खाण, गोदी आणि कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या सुरक्षा बुटांचे तळही बहुधा पॉलियुरेथेनचेच असतात. भांडारात तीन-चार वर्षे पडून राहिलेला नवा जोड कामगाराला दिला आणि तो महिन्याभरात फुटला, असे घडू शकते. यासाठी सुरक्षा बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत जलीय विच्छेदनाची वेगळी चाचणी ठेवलेली आहे. तीत तळ प्रथम उष्ण व ओलसर हवेत ठेवून म्हातारा केला जातो, मग तो दीड लाख वेळा वाकवला जातो आणि आधी दिलेली लहानशी चीर किती वाढली ते मोजले जाते. हौशी गिरिभ्रमणाच्या बुटांना अशी चाचणी सक्तीची नाही. त्यांच्याबाबत ग्राहकाला उत्पादकाच्या शब्दावरच विसंबावे लागते.

बर्फातील बूट

बर्फावरील खेळांच्या बुटांत हेच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतात. स्नोबोर्डिंगचे मूळ १९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी बनवलेल्या ‘स्नर्फर’ या फळीत आहे. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकपासून हा ऑलिंपिक खेळ झाला. भारतात गुलमर्ग हे त्याचे प्रमुख ठिकाण. तेथील रोपवे अफरवतच्या उतारांवर ३,९०० मीटरहून अधिक उंचीपर्यंत नेतो. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमध्ये स्नोबोर्डिंगचा समावेश आहे. महाराष्ट्र-गोव्यातून जाणारे पर्यटक तेथे बहुधा भाड्याचे बूट वापरतात.

स्नोबोर्डचा बूट म्हणजे बुटात बूट. बाहेर लवचीक पण घट्ट कवच, आत पायाला बेतलेला फेसाचा मोजावजा बूट. आतला फेस वापराने दबत जातो. काही दिवसांनंतर टाच उचलू लागते आणि फळीवरचे नियंत्रण कमी होते. हा दोष नव्हे, झीज आहे. सामान्य वापरात असा बूट शंभर ते दोनशे दिवस चांगली साथ देतो, असे मानले जाते. हंगामात पाच-सहा दिवस खेळणाऱ्याला हा आकडा कधीच गाठता येत नाही. त्याचा बूट वापरापेक्षा वयाने जातो. रोज उतारावर उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकाचा बूट मात्र एक-दोन हंगामांतच मऊ पडतो.

याउलट पहिल्या काही दिवसांतच नाडीचा आकडा उपटणे, घोट्याजवळ कवचाला चीर पडणे, शिवण उसवणे किंवा सोल उघडणे ही दोषाची लक्षणे आहेत. २००१ पासून बाजारात आलेल्या, चकती फिरवून पोलादी तार आवळण्याच्या ‘बोआ’ पद्धतीत तार तुटणे किंवा चकती निसटणे हे बिघाड संभवतात. ही चकती व तार यांना त्या बुटाच्या आयुष्यभराची हमी असते आणि सुटे भाग मिळतात. हे ठाऊक नसल्याने अनेक जण संपूर्ण बूट टाकून देतात.

स्कीइंगचे कडक प्लॅस्टिकचे बूट आणि अतिउंच शिखरांसाठी पूर्वी वापरले जाणारे दुहेरी प्लॅस्टिकचे बूट हे आणखी धोकादायक प्रकरण आहे. त्यांची जुनी कवचे बाहेरून धडधाकट दिसतात आणि उतारावर, थंडीत, अचानक फुटतात. जुने स्वस्तात मिळाले म्हणून असे बूट घेणे हिताचे नाही.

झीज, गैरवापर आणि दोष

तक्रार करण्यापूर्वी बिघाड कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवणे आवश्यक असते; कारण हमी फक्त दोषाला मिळते. सोलच्या खाचा गुळगुळीत होणे, टाच एका बाजूने झिजणे, आतले अस्तर टाचेपाशी फाटणे ही झीज होय. जांभ्या दगडाची खडबडीत पठारे आणि सह्याद्रीतील कातळ सोल लवकर खातात, हेही लक्षात घ्यावे लागते.

शेकोटीजवळ, चुलीवर, हीटरपुढे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने बूट वाळवल्यास डिंक मऊ होऊन सोल उघडतो आणि कातडे कडक होऊन तडकते. हा गैरवापर ठरतो. डिंक वितळल्याच्या खुणा, आक्रसलेली कड किंवा करपलेला भाग जाणकाराला सहज ओळखू येतो. समुद्राच्या पाण्यात भिजलेला बूट न धुता ठेवल्याने धातूच्या कड्या गंजणे व शिवण कुजणे हेही यातच मोडते.

सोल आणि मधला थर यांच्यामध्ये स्वच्छ, सपाट फट पडली असेल आणि दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत असतील, तर चिकटवण्याच्या कामात कसूर झालेली असण्याची शक्यता मोठी. दोन्ही बुटांत एकाच जागी सारखाच बिघाड होणे, जलरोधक म्हणून विकलेल्या बुटात पहिल्याच पावसाळ्यात पाणी शिरणे, शिवणीचे टाके सुटणे ही दोषाची चिन्हे होत. भुगा होऊन गळणारा फेस मात्र जलीय विच्छेदनाचा निदर्शक आहे. बूट पाच-सात वर्षांचा असल्यास ते त्याचे वार्धक्य. खरेदीनंतर वर्षभरातच तसे घडल्यास जुना साठा नवा म्हणून विकला गेल्याचा संशय घेण्यास जागा उरते.

मोहिमेपूर्वीची तपासणी

लांबच्या मोहिमेपूर्वी किमान तीन आठवडे बूट बाहेर काढावेत. मधल्या थरावर अंगठ्याचे नख जोराने दाबावे. चांगला फेस दबून पुन्हा वर येतो. खराब झालेला फेस नखाला चिकटतो, त्यावर खळगा तसाच राहतो किंवा त्याचे कण सुटतात. मग टाच एका हाताने आणि चवडा दुसऱ्या हाताने धरून बूट वाकवावा. बारीक तड्यांचे जाळे दिसले किंवा कडेने फट उघडली, तर तो बूट मोहिमेवर नेऊ नये.

यानंतर पाठीवर ओझे घेऊन दोन-तीन वेळा पायऱ्या चढून उतरावे आणि घराजवळच्या टेकडीवर अर्धा दिवस चालावे. विच्छेदनाने पोखरलेला सोल बहुधा या चालण्यातच सुटतो. घराजवळ सुटलेला सोल ही गैरसोय असते; बर्फाच्या वाटेवर सुटलेला सोल संकट ठरतो. गुलमर्ग, औली किंवा मनाली येथे भाड्याने बूट घेतानाही हीच परीक्षा दुकानातच करावी. कडा ओढून पाहाव्यात, नाडी किंवा तार पूर्ण आवळून सोडावी आणि आतला बूट ओला नाही याची खात्री करावी.

वाटेत सोल सुटल्यास

गटातील एकाकडे तरी रुंद चिकटपट्टी, पाच-सहा प्लॅस्टिकचे केबल-टाय आणि दोन-तीन मीटर बारीक दोरी असावी. सोल टाचेकडून सुटू लागताच थांबावे. अर्धवट लोंबणाऱ्या सोलवर चालत राहणे सर्वांत धोक्याचे, कारण तो दगडात अडकून माणूस तोंडावर पडतो. बूट कोरडा पुसून चवडा आणि पायाची कमान अशा दोन जागी दोरी किंवा केबल-टाय आवळावा. गाठ व टोके वरच्या बाजूस ठेवावीत आणि त्यावर चिकटपट्टीचे वेढे द्यावेत. दोरी सोलच्या खाचांत बसवल्यास ती लवकर घासून तुटत नाही.

सोल संपूर्ण निघालाच आणि बांधणे शक्य नसेल, तर उरलेल्या वरच्या भागावर हळूहळू चालता येते, पण त्याला पकड नसते. अशा वेळी काठीचा आधार घ्यावा, ओझे इतरांनी वाटून घ्यावे आणि पुढे चढण्याऐवजी जवळच्या गावाकडे उतरावे. एका बुटाचा सोल गेला तर त्याच वयाचा दुसराही लवकरच जाणार, हे गृहीत धरावे.

दुरुस्ती आणि साठवण

सोल सुटला तरी मधला थर घट्ट असेल तर दुरुस्ती बहुधा टिकते. कुशल चर्मकार जुना डिंक खरवडून, पृष्ठभाग खरखरीत करून, नवा डिंक लावून दाबाखाली सोल बसवतो आणि कडेने टाके घालतो. हे टाके चिकटवलेल्या बुटाला मोठा आधार देतात. मात्र जलरोधक पापुद्र्याला छिद्र पडल्यास बुटात पाणी येऊ लागते, हे आधीच समजून घ्यावे. फेसाचा भुगा झाला असेल, तर त्यावर डिंक किंवा टाके घालणे म्हणजे वाळूच्या भिंतीला खिळा ठोकणे होय. अशा बुटाचा संपूर्ण मधला थर आणि सोल बदलावा लागतो. वरचा भाग शिवीव पद्धतीचा आणि उत्तम कातड्याचा असेल तरच हा खर्च परवडतो.

साठवणीचे नियम साधे आहेत. मोहिमेहून आल्यावर चिखल धुऊन, आतला तळ काढून, सावलीत वारा लागेल अशा जागी बूट वाळवावेत. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते दर काही तासांनी बदलल्यास ओल लवकर जाते. पूर्ण वाळल्यावर कातड्याला मेण लावावे. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत बूट ठेवणे ही किनारपट्टीवरची सर्वांत प्रचलित चूक आहे. त्यात ओल कोंडून राहते. हवेशीर कपड्याची पिशवी बरी. पिशवी बंदच ठेवायची असेल तर आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या वेळोवेळी बदलाव्यात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी बूट पायात घालून फिरून यावे.

ग्राहकाचा हक्क

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. कायद्याने, व्यक्त किंवा गर्भित कराराने, अथवा विक्रेत्याने केलेल्या दाव्यानुसार वस्तूचा जो दर्जा असायला हवा, त्यातील कोणतीही उणीव म्हणजे दोष. जलरोधक, डोंगरासाठी योग्य, बर्फात चालणारा, असा दावा करून विकलेला बूट तसा नसेल, तर छापील हमीपत्र नसतानाही ग्राहकाला दाद मागता येते. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसल्यास ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे. भाड्याने दिलेला बूट वाईट निघाला, तर ते सेवेतील न्यून म्हणून मांडता येते.

पुरावा मात्र ग्राहकाने जपायचा असतो. बिघाड दिसताच बुटाची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. जिभेच्या आतील लेबल आणि खोक्यावरील उत्पादनाचा महिना व वर्ष यांचीही छायाचित्रे घ्यावीत. गळलेले तुकडे टाकू नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तक्रारीपूर्वी दुरुस्ती करून घेऊ नये. एकदा डिंक लावला की मूळ दोष सिद्ध करणे अवघड होते. वाटेत नाइलाजाने बूट बांधावा लागला असल्यास बांधण्यापूर्वीचे छायाचित्र घ्यावे. मगच विक्रेता आणि उत्पादक या दोघांना लेखी तक्रार द्यावी. तीत खरेदीची तारीख, वापराचे अंदाजे दिवस, बिघाडाचे वर्णन आणि अपेक्षित उपाय, म्हणजे बदली, दुरुस्ती की परतावा, हे स्पष्ट लिहावे. राग आणि आरोप जितके कमी, तितकी तक्रार भक्कम.

ऑनलाइन खरेदीबाबत २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. त्याने काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बरीच प्रकरणे या पायरीवरच मिटतात.

तरीही तोडगा निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. गोव्यात उत्तर आणि दक्षिण जिल्ह्यांसाठी स्वतंत्र आयोग आहेत. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले तरी ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते, ही २०१९ च्या कायद्यातील मोठी सोय आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. दोष प्रयोगशाळेतील तपासणीविना ठरवता येत नसेल, तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणूनच तो फुटका बूट जपून ठेवायचा. तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागू शकतो.

खरेदीच्या वेळीच

या सगळ्या खटाटोपापेक्षा खरेदीच्या वेळची पाच मिनिटे स्वस्त पडतात. सवलतीच्या विक्रीत मिळणाऱ्या बुटाचे उत्पादनवर्ष आधी पाहावे. तीन-चार वर्षांपूर्वी बनलेल्या बुटाचे बरेचसे आयुष्य गोदामातच संपलेले असते, आणि सवलतीचे कारणही कधी कधी तेच असते. मधला थर कशाचा आहे, सोल बदलून मिळतो का, हमी किती व कशाची, हे विचारावे. वर्षातून एक-दोनदाच डोंगरात जाणाऱ्याला जड पॉलियुरेथेनच्या महागड्या बुटापेक्षा ईव्हीए थराचा मध्यम किमतीचा बूट अधिक किफायतशीर ठरतो. तो वापराने झिजतो, कपाटात नाही. दरमहा जाणाऱ्याने मात्र सोल बदलता येणारा बूट घ्यावा आणि बिल बुटाच्या खोक्यातच ठेवावे.

खरेदीची आणि उत्पादनाची तारीख आतल्या तळाच्या खालच्या बाजूस शाईने लिहून ठेवण्याची सवय अनुभवी गिरिभ्रमक लावून घेतात. बुटाचे वय लक्षात राहत नाही, आणि चेहऱ्यावरून तर ते मुळीच कळत नाही. पुढच्या मोहिमेच्या तीन आठवडे आधी त्या तारखेकडे पाहिले आणि मधल्या थरावर नख दाबून पाहिले, तर सोल सुटायचा असेल तो घराच्या पायरीवरच सुटेल.